भुऱ्यासकट खोली पाहिजे

आदिलाबादेत भाड्याची खोली शोधणं म्हणजे आधीच डोक्याला ताप, त्यात सोबत कुत्रं असलं तर विचारूच नका. शाळेत मास्तरीण असलेल्या प्रतिभाची महिनाभरात अकरा घरं विचारून झाली. कोणी तेलुगूत म्हणालं, 'कुक्क वद्दम्मा', कोणी हिंदीत म्हणालं, 'कुत्ता नहीं चलेगा'. आणि आपली मराठी माणसं? 'कुत्र्याचं तेवढं जमत नाई बा, मॅडम.' भाषा तीन, नकार एकच! इकडे जुन्या घरमालकाला घर पाडून दुकानं काढायची होती. एक तारखेच्या आत खोली रिकामी करणं भाग होतं.

भुऱ्या तिच्या बापाचा, मारोतीचा कुत्रा. बाप गेला तेव्हा तीन दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. प्रतिभानं मांडीवर घेऊन भरवलं तेव्हा कुठे दोन घास खाल्ले. पण आता तीही वैतागली होती. "तुह्यापायी मले कोणी घर देऊन नाई राह्यलं," असं येता-जाता त्याला बोलायची. बाराव्या घरीही नाही म्हणाले, तर रविवारी त्याला जैनथकडं गावी भावापाशी सोडून यायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

बारावं घर द्वारकाबाईचं. बाई विधवा, घरात एकटी, पोरगा अनुप हैदराबादला. शाळेतून येताना प्रतिभाला फाटकावर टू-लेटची पाटी दिसली होती. संध्याकाळी ती भुऱ्याला घेऊन थेट आतच शिरली. त्याला बघून बाई काय खुलली म्हणता!

"अवं माय, किती गुणाचं लेकरू हाय! आमचा कुत्रा मेल्यापासून आंगन खायले उठते. राहू द्या त्याले, खुशाल राहू द्या!"

प्रतिभाला स्टीलच्या गिलासात पाणी आलं, भुऱ्याला स्टीलच्या ताटलीत दूध. बाईनं खोल्या दाखवल्या, किल्लीसुद्धा हातात दिली. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यापाशी थांबून म्हणाली, "देव इथं मांडा. तोंड बराबर पूर्वेकडं येते."

आनंदात माणूस सावध राहत नाही. प्रतिभा बोलून गेली, "आमच्या बुद्धाची मूर्ती मस्त बसते इथं."

द्वारकाबाई कोनाड्यापासून मागं सरकली. मग म्हणाली, "तुमी त्यातल्या का?" आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, मी इसरलीच! अनुपनं कोणाले तरी शबूद देऊन ठेवला न. किल्ली द्या बरं."

प्रतिभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच मिनिटांआधी तं नोता देल्ला शबूद!"

बाईनं तिच्या हातातली किल्ली काढून घेतली. अंगणात येऊन तिनं भुऱ्यानं चाटून लख्ख केलेली ताटली उचलली. प्रतिभा ओट्यावरचा आपला गिलास उचलायला गेली, तर म्हणाली, "तो राहू द्या तिथंच, बाहेर." आणि कुत्र्याची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. आतूनच म्हणाली, "कुत्र्याले ठेवून जाचं असन तं जा. त्याचं काई नाई आमाले."

"त्याले कोनाडा लागत नाई ना, म्हणून!" प्रतिभा ओरडली आणि भुऱ्याची साखळी धरून बाहेर पडली.

रस्त्यात तिचे पाय थांबले. आधीच्या अकराही घरी तिनं पहिल्यांदा फोन केला होता. फोनवर पूर्ण नाव सांगायची तिला शाळेची सवय. 'मी प्रतिभा मारोती खोब्रागडे बोलते.' कुत्र्याचं सगळं नंतर. इथं तेवढं नाव सांगायचं राहिलं होतं. भुऱ्याला गावी टाकून आली असती तरी हिला कोण घर देणार होतं? आणि महिनाभर तिनं शिव्या घातल्या कोणाला? या मुक्या जिवाला!

ती तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली. "माफ कर रे बाबा," ती त्याला म्हणाली, "तुह्यापायी नोतं."

भुऱ्यानं शेपटी हलवली. त्याच्या मिशांना अजून दूध लागलेलं होतं. प्रतिभानं ओढणीच्या टोकानं ते घासून घासून पुसून काढलं.