तिसऱ्या तकबीरीनंतर

ट्रक चालवणारा धाकटा भाऊ थोरल्याच्या मयतीला आला तो निव्वळ लोकलाजेखातर. मनाशी त्यानं पक्कं ठरवलं होतं, रांगेत उभं राहायचं, हात बांधायचे, पण थोरल्यासाठी दुआ मागायची नाही. जनाज्याच्या नमाजेत वाकणं नाही की सजदा नाही. उभ्यानंच चार तकबीरी, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर' म्हणायचं, आणि मयतासाठीची दुआ तिसरीनंतर, तीही मनातल्या मनात. ओठ शिवून घेतले तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता. अल्लाहला लागला असता, पण त्याला सगळी हकिगत आधीपासून ठाऊकच होती.

राग काही उगाच नव्हता. आई गेली तेव्हा हा माल घेऊन लांबच्या रस्त्यावर होता. "निघालोय, दुपारपर्यंत थांब," असं फोनवर सांगूनही थोरल्यानं सकाळीच नमाज पढवून तिला माती दिली. मयत ताटकळत ठेवू नये, हे धाकट्यालाही कळत होतं. पण जरा थांबला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

रांगा लागल्या. नमाज पढवण्याचा मान थोरल्याच्या मुलाचा, चाळिशीच्या त्या पुतण्याचा. तो डोळे पुसत धाकट्याकडे आला.

"चाचा, तुम्हीच पढवा. माझी जीभ वळायची नाही."

"मौलाना आहेत की."

"घरचं माणूस हवं, चाचा."

आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तो पुढे जाऊन उभा राहिला. समोर कफनातला भाऊ. तिसरी तकबीर म्हटली आणि ठरवल्याप्रमाणे तो गप्प झाला.

मागे पुतण्या दुआ पुटपुटत होता. आमच्यातल्या जिवंतांना माफ कर, आमच्यातल्या मेलेल्यांना माफ कर, इथवर आला आणि अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. बापासाठीची दुआ आणि तीच आठवेना. पोराचा काय दोष, असं वाटून धाकट्यानं पुढचे शब्द त्याला ऐकू जातील इतपत मोठ्यानं म्हटले. जे हजर आहेत त्यांना, आणि जे हजर नाहीत त्यांना.

म्हटले आणि त्याच्या ध्यानात आलं. आईसमोर उभं राहून थोरल्यानं हीच दुआ म्हटली असणार. आणि त्या सकाळी घरातला हजर नसलेला एकच होता, तो स्वतः.

त्यानं दुआ पहिल्या शब्दापासून पुन्हा धरली. या वेळी भावासाठी.