देऱ्यातला कोट बोलोन्याला जातो

मी एक लोकरी कोट आहे आणि दुबईत राहतो. हसून घ्या. सगळेच हसतात.

जन्म लुधियान्याचा. इथल्या देरा बाजारातल्या मोहिद्दीनशेठनी सुती शर्ट मागवले होते. पाठवणाऱ्याच्या गडबडीत त्याच गठ्ठ्यातून मी आलो. शेठनी मला दारातल्या खुंटीला टांगलं. बाहेर ऊन असं, की मांजरंसुद्धा एसीच्या दुकानात शिरायची. गिऱ्हाईक मला बघून थांबायचं, हसायचं आणि आत येऊन शर्ट घ्यायचं. मी खपलो नाही, पण धंदा मात्र भरपूर केला.

सेल्समन केरू राहायला अजमानला, दुकानापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. तो म्हणायचा, "शेठ, हा कोट खपला ना, तर त्या दिवशी मी घरी चालत जाईन!"

शेठ रत्नागिरीकडचे, शाळा अर्ध्यात सोडलेले. कापड उलटून अस्तर बघितल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत. आणि नमाजची वेळ झाली की दुकानाला कुलूप लावत नाहीत, दारात नुसतं एक कापड आडवं बांधून जातात. "आपल्या पाठीमागे आपला माल सांभाळला गेला, तर ती जागा आपली," असं त्यांचं म्हणणं.

एके दिवशी त्यांची लेक यम्ना धावत दुकानात आली. इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात तिला डॉक्टरीला ॲडमिशन मिळाली होती.

"अब्बा, इट्स सो ओल्ड! नाइन हंड्रेड इयर्स!"

"एवढा जुना माल? अजून चालतो?" शेठ हसले खरे, पण मग मोजलेला गल्ला पुन्हा मोजू लागले. पोर परक्या मुलखात एकटी राहणार होती. "न बघता मी रुमालसुद्धा उचलत नाही," ते म्हणाले.

"मग जाऊन बघा की," शेठच्या घरच्या, नूरजहाँभाभी, म्हणाल्या. "तिलाही न्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण बघून म्हणा. आणि तो कोट घाला. एवढी वर्षं बसून खातोय."

अशी माझी सुटका झाली.

बोलोन्यात मला पहिल्यांदा थंडी भेटली. काय सांगू, घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं! रस्त्याच्या कडेनं लांबच लांब कमानी. शेठ खूश. "गिऱ्हाईक भिजत नाही. शहाणे लोक आहेत."

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत भिंती छतापर्यंत रंगीत ढालींनी भरलेल्या. यम्नानं सांगितलं, पूर्वी इथं शिकून गेलेल्यांची ती चिन्हं. शेठ बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "जुन्या गिऱ्हाइकांना विसरले नाहीत," ते पुटपुटले.

पुढे एक लाकडी दालन. इथं एके काळी मुडदे फाडून शिकवायचे. गुरुजींच्या आसनाशी कातडी सोललेल्या माणसांचे दोन लाकडी पुतळे. शेठनी त्यांना निरखून पाहिलं. "यांचं अस्तर बघायला उलटायला नको!"

"अब्बा, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!" यम्ना म्हणाली, पण सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

शेठचा होकार मात्र काही येईना. यम्ना नखं खाऊ लागली.

चौक ओलांडताना पाऊस आला, माझ्या बाह्या भिजल्या. समोरच मुलांची अभ्यासिका होती. आत शिरून शेठनी खिशातलं पाकीट काढून घेतलं, खजुराची पुडी राहू दिली आणि मला एका खुर्चीवर टाकलं.

"जुहरच्या नमाजची वेळ झाली. चल, कुठे कोपरा मिळतो बघू."

"अब्बा, द कोट!"

"राहू दे. याच्यावरूनच कळेल मला."

यम्नाचा चेहरा पडला. माझाही पडला असता. मी गेलो, तर तिची डॉक्टरी माझ्याबरोबर जाणार होती! आणि नेमकं कुणीतरी मला उचललं. ओरडणार कसा? कोटाला गळा असतो, आवाज नसतो.

ते परत आले तेव्हा खुर्ची रिकामी. शेठनी एक लांब श्वास सोडला. "चल बेटा."

यम्ना जागची हलेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मुलीनं हात हलवून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथल्या हीटरवर मी ऐसपैस पसरलो होतो, बाह्या नीट लांब करून. खजुराची पुडी शेजारी, जशीच्या तशी.

"इट वॉज वेट," ती हळूच म्हणाली आणि परत पुस्तकात शिरली.

शेठनी माझी बाही चिमटीत धरली. कोरडी, ऊबदार. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं, मग आपल्या मुलीकडे.

"खलास, ठरलं," ते म्हणाले. "इथं राहा तू."

खजूर मग त्या टेबलावरच्या सगळ्यांनी खाल्ले.

आज सकाळपर्यंत मी देऱ्यात माझ्या जुन्या खुंटीवर होतो. यम्नाचं विमान आज आहे. सकाळी शेठ मला तिच्या बॅगेत ठेवायला लागले, तर तिनं हात धरला.

"नो अब्बा, फुकट नाही. धंदा इज धंदा." आणि तिनं गल्ल्यावर एक दिरहम ठेवला.

"दोन."

"एक. आतून डाग आहे."

शेठनी कौतुकानं तिच्याकडे बघितलं. तिनं माझं अस्तर उलटून पाहिलं होतं! "यल्ला, चल, ने."

मग सगळ्यांच्या माना केरूकडे वळल्या. केरू एसीकडे बघत होता.

"ऊन उतरू दे, मग नीघ," शेठ प्रेमानं म्हणाले.

तर मंडळी, येतो मी. जाता जाता एक विनंती. आज संध्याकाळी अजमानच्या रस्त्यावर एक माणूस घाम पुसत, कोटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चाललेला दिसला, तर गाडी थांबवून त्याला थंड पाणी द्या.

गाडीत मात्र घेऊ नका. शब्द दिलाय त्यानं.