करंजवाडीची गच्ची

भुजंगनं ड्रोनच्या रिमोटवरच्या जुन्या काड्या काढल्या, त्या जागी चपट्या पाटीसारखे नवे अँटेना बसवले आणि बायकोला म्हणाला, "आता बघ, नदीपर्यंत जातंय का न्हाई."

ताडकळसात दोघं लग्नाच्या शूटिंगची कामं करत. कॅमेरा भुजंगकडं, ड्रोन राजेश्रीच्या हातात. आजवर ड्रोन शिवेपल्याड गेला की रिमोटच्या पडद्यावरचं चित्र तुटायचं. हे अँटेना मात्र ज्या बाजूला धरावेत तिकडं लांबपर्यंत पकड ठेवणारे होते.

दिवस कलला होता. गच्चीवरून उडालेला ड्रोन कालवा ओलांडून, ऊस मागं टाकून पुढं गेला. चित्र काचेसारखं स्वच्छ.

"वळवते आता," राजेश्री म्हणाली.

"जाऊ दे की अजून."

"अहो, लोक बिथरलेत. आभाळात दिवा दिसला की चोर टेहळणीला आले म्हणायलेत. करंजवाडीत तर पहारा बसवलाय."

"उजेड हाय अजून. आन् आपण काय चोर हाव का?"

तिनं आणखी पुढं नेला. वळवला तेव्हा वारा समोरून आला आणि बॅटरी भराभर उतरली. करंजवाडीवर येईस्तोवर रिमोट किंचाळायला लागला. खाली चौक होता. चौकालगतच्या एका गच्चीच्या रुंद कठड्यावर तिनं ड्रोन कसाबसा टेकवला. पंखे थांबले, कॅमेरा मात्र चालूच राहिला.

"घेऊन येतो," म्हणत भुजंगनं मोटारसायकल काढली.

"मुंजाजीभाऊंना सोबत न्या."

"ड्रोन आणायला कशाला पंचायत?"

तो गेला. राजेश्री रिमोट करंजवाडीकडं धरून उभी राहिली. चित्र थरथरत होतं, पण तुटत नव्हतं. चौकात आधी दोन माणसं दिसली. मग दहा. मग मोजता येईनात. सगळे वर बोट दाखवत होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता. आवाज काहीच येत नव्हता.

गर्दीतून भुजंगची मोटारसायकल आली. तो उतरला, हसला, वर गच्चीकडं हात केला. एकानं गाडीची किल्ली काढून घेतली. दुसऱ्यानं त्याची कॉलर धरली. भुजंग अजून हसतच होता.

राजेश्रीनं फोन लावला. पडद्यावर एका म्हाताऱ्यानं भुजंगच्या खिशातून फोन काढलेला दिसला.

"कोण बोलायलंय?"

"मी त्यांची बायको. ताडकळसची. काका, ड्रोन आमचाच हाय, लग्नाच्या शूटिंगचा. बंद पडला म्हणून तिथं उतरवला."

"असं म्हणतीस?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मग बसवतो याला बाजूला. खात्री करू."

त्याच वेळी मागून लाल बनियनवाला पुढं आला. त्यानं काठी उचलली.

"काका, त्या लाल बनियनवाल्याला आवरा," राजेश्री म्हणाली. "काठी खाली ठेवायला सांगा त्याला."

पडद्यावर म्हाताऱ्यानं मागं वळून काठीकडं बघितलं.

"बाई," म्हातारा म्हणाला, "तू कुठं हायेस?"

"ताडकळसला."

"मग काठी तुला कशी दिसली?"

तिनं तोंड उघडायच्या आतच म्हातारा वळला आणि काहीतरी बोलला. चौकातली सगळी तोंडं वर झाली. सगळे तिच्याकडंच बघत होते. मग काठी खाली आली. भुजंग वाकला, दिसेनासा झाला. कुणीतरी गच्चीवर चढलं. पडद्यावर एक मोठा पंजा आला आणि सगळं काळं झालं.

तिनं पोलिसांना फोन केला, मग दिराला, मुंजाजीला. त्याच्या गाडीवर बसून ती पोहोचली तेव्हा पोलिसांची जीप आधीच आली होती. भुजंग देवळाच्या पायरीवर बसला होता. उजवा हात कोपरातून उलटा लोंबत होता. म्हातारा खाली मान घालून जमादाराला सांगत होता, "साहेब, मी याला बसवणारच होतो. पण बाई तिथनं आमच्यावर नजर ठेवायली म्हणल्यावर पोरांना धीर धरवला न्हाई."

परभणीच्या दवाखान्यात हातात सळई घातली. हात जुळला, पण खांद्यावर कॅमेरा पेलेना. गुन्हा दाखल झाला, कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या.

एकदा जेवताना भुजंगनं विचारलं, "फोनवर तू त्यांना काय म्हणलीस?"

राजेश्रीनं लाल बनियनवाल्याचं, काठीचं सांगितलं.

त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडली. "मला वाटलं, सोडतेत आता," तो म्हणाला. "म्हातारा मला बस म्हणला होता."