अर्धी काच, अर्धी मिशी

"सावळ्या, हे घड्याळ न चमकवता परत देऊन दाखव. मिशी काढीन माझी, भर बाजारात!"

तात्याबानं आपल्या सायकलच्या दुकानातनं आवाज टाकला आन् शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या सगळ्या टपऱ्यांनी कान टवकारले.

"आन् चमकवलं तर?"

"तर तुझी!"

"लागली पैज!" सावळाराम म्हणाला. खरं तर त्याला झोंबलं होतं. घड्याळ कुणाचंही असो, त्याच्या टपरीत आलं की डायलला नवा रंग, केसला पॉलिश, काचेला टूथपेस्ट. नवरीगत नटूनच बाहेर पडायचं. त्याला हात आवरायला सांगणं म्हणजे न्हाव्याला नुसतं डोकं बघत बस म्हणण्यासारखं.

घड्याळ दगडाबाईचं होतं. तिचा मालक विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढायचा. मुंबईच्या गोदीतल्या कुणीतरी त्याला हे पाणबुड्याचं घड्याळ दिलं होतं. वरचं कडं फिरवून ठेवलं की पाण्याखाली किती वेळ झाला ते कळायचं. आता मालक नव्हता, आन् तेच काम लेक शंभू करत होता.

"चालू करा, पाणी शिरू देऊ नका," दगडाबाई म्हणाली होती, "पण काचंवरचे चरे ऱ्हाऊ द्या. ह्यो पारगावच्या विहिरीतला, तवा मोटार अंगावर आली व्हती. ह्यो न्हावऱ्याचा. मालकांनी लिवलेलं एवढंच हाय माझ्याकडं."

सावळाराम कामाला बसला आन् घड्याळानं त्याचा छळ मांडला. मागचं झाकण गंजून बसलेलं. रॉकेल पाजलं, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, तेव्हा कुठं हललं. कड्यात गाळ रुतलेला. टाचणीनं उकरून उकरून बोटं सोलली. मशीन धुऊन चालू झालं, तर झाकणाखालचं रबर कुजलेलं. नवीन मिळेना. सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली, घड्याळ बादलीत टाकलं. काचेवर आतनं वाफ! पुन्हा उघडा, पुन्हा वाळवा, पुन्हा कापा. पुन्हा वाफ!

"मासं पाळ त्यात," तात्याबा ओरडला.

"तुझी ट्यूबच सडकी हाय!"

शेवटी फवारणी पंपाचं एक रबर कसंबसं बसलं. घड्याळ बादलीत राहिलं आन् काच आतनं कोरडी. सावळारामनं मांडीवर थाप मारली. डायल तसाच पिवळा, काटे तसेच तांबूस, कुठं ब्रश लागला नव्हता. जिंकलाच तो! मिशीला पीळ देत, शीळ घालत त्यानं घड्याळ फडक्यावर घेतलं, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी जसं घ्यायचं तसं. अंगठा गोल गोल फिरायला लागला.

तात्याबा समोर उभा. गप. बराच वेळ गप.

"कुठल्या विहिरीला पोचलास रं?"

सावळारामनं खाली बघितलं. फडक्यावर टूथपेस्ट. अर्धी काच लख्ख.

"आयला!" त्यानं फडकं भिरकावलं. एवढ्या झटापटीनंतर, ह्या हातानं! हातच तोडावासा वाटला.

बाजाराच्या दिवशी दगडाबाई आली. घड्याळ कानाला लावलं, मग उन्हात धरलं. बोट काचेवरनं फिरलं आन् गुळगुळीत जागी थांबलं.

"पारगाव गेलं," ती म्हणाली.

सावळाराम मान खाली घालून न्हाव्याच्या बाकावर जाऊन बसला. भोवती हीऽऽ गर्दी. तात्याबानं सगळं रंगवून सांगितलं: शीळ, अंगठा, टूथपेस्ट. लोक हसून लोळायचे बाकी.

"थांब," दगडाबाई म्हणाली. "तू बघत व्हतास?"

"मग! अर्ध्यापतुर गंमत बघितली, मावशी!"

"आन् बोलला न्हाईस."

तात्याबा मागं सरायला लागला. दगडाबाई न्हाव्याकडं वळली.

"काच अर्धी गेली, सावळ्याची मिशी अर्धी काढा. उरलेली अर्धी ह्या तात्याबाची. त्यो घासत व्हता, ह्यो बघत व्हता."

"मावशी, निदान सगळी तरी काढू द्या," सावळाराम काकुळतीला आला. "असं अर्धं तोंड घिऊन फिरू कुठं?"

"पारगाव परत यील का? मग बस."

तिनं घड्याळ पदरात बांधलं, पण हलली नाही. न्हाव्यानं आधी सावळारामची उजवी बाजू उतरवली. मग तात्याबाला मागनं कुणीतरी ढकललं, आन् तोही त्याच बाकावर, शिव्या देत, टेकला.