जीपचे अकरा पाटे

"गाडीला काही झालेलं नाही," नाना तिसऱ्यांदा म्हणाले आणि बॉनेटवर हात आपटून त्यांनी विषय संपवला.

पण विषय संपणारा नव्हता. ऊन कलतं झालं होतं, अंगणातली माती मात्र अजून पायाला पोळत होती. जीपखालून मिस्त्रीचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. ओट्यावर नानांची लेक उभी होती आणि ती जागची हलायला तयार नव्हती.

"काही झालेलं नाही, तर आईच्या ओठातून रक्त कसं आलं?" तिनं विचारलं.

 आत, दाराला लागूनच्या खाटेवर आई पडून होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

वरच्या गावातून खाली शहरात जायचं तर नऊ किलोमीटरचा उतार. रस्ता म्हणायचं आपलं. मुरूम वाहून गेलेला, खडक वर आलेले, मधे एक कोरडा ओढा, त्यात डोक्याएवढाले धोंडे. या वाटेवर टिकून राहिलेली गाडी एकच, नानांची जीप. बावीस वर्षं त्यांनी तिच्यातून लोकांचे बटाटे खाली नेले आणि सिमेंट वर आणलं. आणि आता दोन महिने दर गुरुवारी ते बायकोला इस्पितळात नेत होते. तिच्या पाठीच्या कण्यात दुखणं शिरलं होतं. दर गुरुवारी सुई घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेक शहरातली शाळेची नोकरी रजेवर टाकून घरी येऊन राहिली होती.

गेल्या गुरुवारी वाटभर हिसक्यांनी ओठ चावत परत आल्यावर आईनं खाटेवर अंग टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मी आता येणार नाही. काय व्हायचं ते इथंच होऊ दे."

त्यानंतर चार दिवस गेले होते. आज सोमवार. तीन दिवसांत गाडी अशी व्हायला हवी होती, की आई पुन्हा तिच्यात पाय ठेवेल. नाहीतर सुई चुकणार. आणि सुई चुकली तर पुढं काय, ते घरात कुणी बोलत नव्हतं.

मिस्त्री सरकत बाहेर आला. त्याच्या खिशात कायम तेरा-चौदाचा पाना असे, म्हणून सगळे त्याला तेराचौदाच म्हणत. खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही वेळ लागला असता.

"शॉकॲबसॉर्बर बदलले पंधरा दिवसांपूर्वी," तो बोटांवर मोजत म्हणाला. "रबरी बुश बदलले परवा. चाक ढिलं नाही. आता माझ्याजवळ बदलायला माझी टोपीच राहिलीय."

"तेच सांगतोय मी हिला," नाना म्हणाले. "काल बारा गोणी घालून उतरवली. ओढ्यातसुद्धा हिंदकळली नाही. लोण्यावरून चालल्यासारखी गेली."

"बारा गोणी," लेक म्हणाली.

"हो. मोजून."

"आणि आई असते तेव्हा किती गोणी असतात?"

नानांना प्रश्नाचा रागच आला. "तेव्हा कशा असतील? त्या दिवशी मी एक पोतं घेत नाही. माणूस घेत नाही. सरपंच हात करत उभे होते, त्यांना नाही घेतलं. तिला मोकळं झोपता यावं म्हणून गाडी रिकामी नेतो मी."

तेराचौदा टोपी काढून डोकं खाजवू लागला. खाजवता खाजवता थांबला.

"नाना, तू मागं कधी बसलायस?"

"कुठं मागं?"

"तुझ्याच गाडीत. मागं."

"मी कशाला मागं बसू? मग चालवणार कोण?"

"मी चालवतो. तू गादीवर आडवा हो. वहिनी होतात तसा."

नानांना हे अजिबात पटलं नाही. पण लेकीनं मागचं फळकूट उघडून धरलं होतं. बाप गुडघ्यावर हात ठेवून वर चढला आणि गादीवर उताणा झाला. चाळीस वर्षांत कुणी त्यांना दिवसाउजेडी असं आडवं पाहिलं नव्हतं. आतून आईचा आवाज आला, "नीट झोपवा त्यांना. सवय नाही."

ओढ्यापर्यंत दीड किलोमीटर. जाऊन यायला पाऊण तास लागला.

जीप अंगणात परत आली तेव्हा नाना लगेच उतरले नाहीत. मग कडेला धरून एकेक पाय खाली सोडला. कोपर सोलवटलं होतं. ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांवर टाकून मातीकडे बघत राहिले.  तेराचौदा पुन्हा खाली शिरला आणि मागच्या चाकाशी हात लावून मोजू लागला. चाकावर पोलादी पट्ट्यांची चळत असते, एकाखाली एक, धनुष्यासारखी वाकलेली. गाडीचा भार तीच झेलते. तिचे पाटे तो मोजत होता.

"अकरा," तो खालून म्हणाला. "कारखान्यानं सात दिले होते. चार तू घातलेस."

"गाडी बसायची," नाना म्हणाले. "भार वाढला की बसायची. मग एक वाढवायचो."

"चार वेळा मीच घालून दिले, मीही त्यातच आलो. भार असला की हे पाटे दबतात आणि गाडी मऊ चालते. रिकामीवर दबतच नाहीत. प्रत्येक दगड सरळ वर पोचवतात. रिकामी नेलीस तिथंच चुकलं."

लेकीला वाटलं, हे त्यानं निदान हळू तरी म्हणायला हवं होतं. पण आईनं ऐकलंच होतं. जरा वेळानं आतून ती म्हणाली, "बावीस वर्षं लोकांची पोती जपून नेली यांनी. मला पण पोत्यात घालून शिवायची होती."

तेराचौदा हसला. नाना हसले नाहीत.

"मग गोणी भरूनच नेऊ या," लेक म्हणाली.

"गोणी भरल्यावर गादी कुठं टाकशील?" मिस्त्रीनं विचारलं. "बसता येतं का वहिनींना? नाही ना. पाटेच काढावे लागतील. आणि तेही सातवर थांबून भागायचं नाही. सहा ठेवू. वहिनींचं वजन किती?"

"चाळीससुद्धा नाही," लेक म्हणाली.

"पाच." त्यानं नानांकडे पाहिलं. "पण मग हिच्यावर माल चढणार नाही. चढवलास तर ओढ्यातच पोट टेकेल. परत पाटे घालायचे म्हणजे पुन्हा सगळं खोलणं, आणि एवढ्या जुन्या खिळ्याबोल्टांना दुसऱ्यांदा हात लावायची माझी हिंमत नाही. विचार कर."

"केला," नाना म्हणाले.

मंगळवारी सकाळी गाडीचं मागलं अंग ओंडक्यांवर चढवलं. बोल्ट इतके गंजले होते की त्यांच्यावर रात्रभर रॉकेल सोडून ठेवूनही पाना घसरत होता. शेवटी शेगडी पेटवून तापवले, मग करकरत फिरले. मधला बोल्ट निघाला तशी सगळी चळत सैल झाली आणि एकेक पाटा नाना ओढून काढू लागले. पाट्यापाट्यांत बावीस वर्षांची धूळ दगडासारखी बसली होती. लेकीनं ती तारेच्या ब्रशनं खरवडली. कुणी तिला जा म्हणालं नाही.

दुपारी बटाटेवाला शेतकरी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. "नाना, शनिवारी वीस गोणी आहेत."

"ट्रॅक्टरवाल्याला सांग."

"ट्रॅक्टर ओढ्यात उलटतो की."

"मग दुसरं काहीतरी बघ बाबा. माझ्या गाडीला आता जमायचं नाही."

शेतकरी मातीत पडलेले पाटे बघत उभा राहिला, मग निघून गेला.

बुधवारी नाना तीनदा मागं झोपले आणि तेराचौदानं तीनदा ओढा केला. पहिल्या फेरीनंतर टायरमधली हवा कमी केली. दुसऱ्या फेरीनंतर आणखी कमी केली. तिसऱ्या फेरीहून आल्यावर नाना झोपूनच म्हणाले, "आता बरी आहे." मग उठून आत गेले आणि खाटेपाशी उभे राहिले.

"उद्या यायचं," ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. केसांत धूळ, कोपराला खपली. "तुम्ही झोपून बघितलंत?"

"तीनदा."

"मग येते," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळीच निघाले. लेक मागं आईच्या उशाशी बसली. जीप दगडावर चढे, मागून सावकाश खाली बसे, पुन्हा चढे. आईनं सुरुवातीला लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. शेताच्या कडेचं वळण गेलं तशी बोटं सैल झाली. ओढ्याच्या मधोमध नानांनी आरशात पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते आणि मान एका बाजूला कलली होती. त्यांनी तिथंच धोंड्यांत गाडी थांबवली, उडी मारून उतरले आणि मागं आले. 

आईनं डोळे उघडले. "का थांबलात?"

"काही नाही."

"झोप लागली होती. तुम्ही थांबलात म्हणून जाग आली."

इस्पितळात आईला आत नेलं. तरुण डॉक्टरनं नानांना आणि लेकीला बाहेरच्या बाकाजवळ बोलावलं. हातात एक्स-रेचे नवे फोटो होते, पण तो ते दाखवत नव्हता. सुयांचा उपयोग होत नाहीये, तो म्हणाला. दुखणं पसरलंय. गोळ्या लिहून देतो, वेदना कमी राहतील. "आता त्यांना इथं आणायची गरज नाही. एवढ्या लांबून, असल्या रस्त्यानं, उगाच त्रास."

"त्रास नाही होत आता," नाना म्हणाले.

डॉक्टरनं वर पाहिलं.

"गाडी नीट केलीय. सहा-सहा पाटे काढले मागचे, दोन्हीकडचे. येताना झोपली ती. हिला विचारा." त्यांनी लेकीकडे बोट केलं. "झोपली होती ना?"

"झोपली होती," लेक म्हणाली.

 डॉक्टरनं लेकीच्या हातात कागद दिला आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. नाना तसेच उभे राहिले. कुणीतरी स्ट्रेचर घेऊन आलं, "बाजूला व्हा" म्हणालं, तेव्हा बाजूला झाले.

दोघांनी मिळून आईला पुन्हा गादीवर ठेवलं. ती बरीच ताजी दिसत होती. "पुढच्या गुरुवारी एकच उशी घ्या," ती म्हणाली. "दोन लागत नाहीत आता."

लेक घडी केलेला कागद पुन्हा पुन्हा मुठीत दाबत राहिली.

"बरं," नाना म्हणाले. "एकच घेऊ."

चढ सुरू झाला तिथं त्यांनी पहिला गिअर टाकला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि वाटेतले खडक पांढरे झाले होते. घरापर्यंत नऊ किलोमीटर त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि एकही दगड चुकवायचा सोडला नाही.