नव्या आवृत्तीने कोणासाठी थांबावे?

मित्रांनो, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या घडीला टेकून बसलेला तो राखाडी लॅपटॉप म्हणजे मी. माझी एक बिजागरी तुटली आहे, म्हणून ही घडी. आधार नसला की माझा पडदा मागे कलंडतो. पडद्यावर उजवीकडे एक पिवळी रेघ कायमची उमटली आहे. बॅटरीने केव्हाच मान टाकली, त्यामुळे वायर निघाली की मी जागच्या जागी विझतो. एवढे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे.

मला दुकानातून घरी आणले ते मामांनी. मामा नाटकाच्या थिएटरात ध्वनीचे काम पाहत. काचेमागची एक अरुंद खोली, भिंतीवर तारांची वेटोळी, आणि एका फळीवर मी. नटांचा आवाज तालमीत कुठे पडतो हे त्यांचे त्यांना ऐकवावे, म्हणून मामांना एक साधा रेकॉर्डर हवा होता. मिळतील ते प्रोग्रॅम त्यांनी वापरून पाहिले, एकही मनास येईना. शेवटी ते स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि त्यांनी माझ्याच पडद्यावर आपला रेकॉर्डर लिहिला. एक लाल बटण आणि त्याखाली आवाजाबरोबर हलणारी रेघ. बाकी काही नाही.

माझ्यावर लिनक्स चालते. जगभरातली माणसे हौसेने एकत्र येऊन संगणक चालवणारी ही प्रणाली बांधतात आणि हव्या त्याला फुकट देतात. अशाच एका गटाने मामांचा रेकॉर्डर आपल्या प्रणालीत घेतला. तेव्हापासून जो कोणी ती प्रणाली बसवी, त्याच्या संगणकावर मामांचा रेकॉर्डर न मागता येई. मामी पाहुण्यांना सांगत, "यांचं धाकटं जगभर गेलंय, पण घरी एक पत्र म्हणून पाठवत नाही." मामा नुसते हसत, पण त्यांची छाती थोडी फुगलेली मला दिसे.

मग मामा निवृत्त झाले, नवा लॅपटॉप आला, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. एका बाजूला सूटकेस, दुसऱ्या बाजूला जुन्या दिव्यांचे खोके. तिथे किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मला खाली काढले ते ताईसाठी. ताई ही मामांची भाची. लहानपणी शाळा सुटली की ती त्या काचेच्या खोलीत येऊन बसायची, आणि संगणकाची अक्षरओळख तिला मामांनीच करून दिली होती. आता ती त्याच लिनक्सवाल्या गटात नव्या आवृत्त्यांची तपासणी पाहत होती. घरातला सगळ्यात रडका संगणक द्या, असे तिने मामांना सांगितले. मामांनी मला आपल्या रुमालाने पुसले आणि तिच्या हवाली केले. ताई अजून गटातल्या लोकांना सांगते, की याच्यावर चाललं तर कुठेही चालेल. रडका म्हणून आलो खरा, पण एवढे कौतुक नव्या लॅपटॉपच्या वाट्यालाही येत नसेल.

कामाची पद्धत अशी. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी माझ्यावर बसवायची आणि तिच्याबरोबर येणारा प्रत्येक प्रोग्रॅम उघडून पाहायचा. नियम कडक होता. एकही प्रोग्रॅम बिघडलेला निघाला की सगळी आवृत्ती अडायची. एकदा ती हवामान सांगणाऱ्या प्रोग्रॅमसाठी अडली, एकदा पत्त्यांच्या खेळासाठी. ज्यांचे वायफाय चालत नव्हते, त्यांच्यासाठीची दुरुस्ती तयार असूनही त्याच आवृत्तीत अडकून पडली, कारण काय तर खेळातला इस्पिकचा राजा उलटा दिसत होता.

आवृत्त्या वेळेवर काढायची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याला सगळे मुकादम म्हणत. इस्पिकच्या राजापुढे त्यानेही हात टेकले. कोणत्या प्रोग्रॅमसाठी थांबायचे आणि कोणत्यासाठी नाही, हे ताईने ठरवून बैठकीत मांडावे, असे त्याने तिला सांगितले.

ताईने विचार केला तो माझ्यासमोर बसूनच. ती एकटी असली की पुटपुटते, त्यामुळे मला सगळे कळले. प्रोग्रॅम बिघडला तरी त्याची दुरुस्ती मागाहून घरपोच पाठवता येते. मग थांबायचे कशासाठी? ज्याच्यावाचून ती दुरुस्ती घरात पोहोचणारच नाही, त्याच्यासाठी. हे माप हातात आल्यावर काम भराभर झाले. इंटरनेट दाखवणारा ब्राउझर, फायली उघडणारा प्रोग्रॅम, वायफायच्या सेटिंग्ज, दुरुस्त्या आणणारा अपडेटर, आज्ञा टाइप करायचा टर्मिनल आणि साधा मजकूर लिहायचा एडिटर. हे अडवणारे. बाकीचे मागून येतील.

रेकॉर्डरपाशी मात्र तिची बोटे माझ्या कळांवर नुसतीच राहिली. त्या आवृत्तीत रेकॉर्डर खरोखरच बिघडला होता. आवाज टिपायचा, पण जतन करताना थिजायचा. तो दुरुस्त करणार कोण? मामांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी त्यांना पडद्याकडे पाहायलाच मनाई केली होती. ताईने रेकॉर्डर वगळला.

ज्यांचे प्रोग्रॅम वगळले, त्या इतरांना तिने निरोप लिहून पाठवले. मामांना नाही. मला पिशवीत घालून ती त्यांच्या घरी गेली.

मामा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मामी शेजारी मटार सोलत होत्या. ताईने आडवळण न घेता सगळे सांगितले.

"म्हणजे आता माझ्यासाठी कोणी थांबणार नाही," ते म्हणाले.

"नाही, मामा."

"ज्याच्यावाचून अडत नाही, ते कोणी तपासत नाही. आणि न तपासलेलं एक दिवस कोणी न विचारता काढून टाकतं. थिएटरात मी हेच पाहिलंय."

"तपासीन मी. दर वेळी. पण थांबवणार नाही."

मामींनी चहा ठेवला, तो मामांनी हातातही घेतला नाही. ताई निघाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दारापर्यंत गेल्यावर मागून मामांचा आवाज आला, "त्याला ठेवून जा." त्याला म्हणजे मला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला मांडीवर घेतले. पडद्याकडे पाहायचे नाही, तर निदान ऐकावे, असे त्यांनी ठरवले होते. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम माझ्यात असतो. ज्यांना दिसत नाही, ते त्याच्याच आधाराने संगणक वापरतात. मामांनी ठरावीक कळा दाबून तो सुरू केला. मी "स्वागत" एवढे बोललो, आणि गप्प झालो. नव्या आवृत्तीत तो वाचकही बिघडला होता.

मित्रांनो, माझा पडदा लख्ख पेटलेला होता. अपडेटर, वायफाय, ब्राउझर, सगळे जागच्या जागी आणि धडधाकट. पण मामांची बोटे माझ्या कळांवरून अंधारात भिंत चाचपावी तशी फिरत होती. शेवटी त्यांनी मामींना हाक मारली आणि काय दिसते ते वाचायला सांगितले. मामींनी चष्मा लावला. इथे एक चौकट आहे, तीत "रद्द करा" लिहिलंय, करू का, असे त्यांनी विचारले. मामा म्हणाले, आधी वरचं वाच. मामी म्हणाल्या, वरचं इंग्रजीत आहे, आणि ते मी रद्द केलं. मामा हसायला लागले. कालपासून ते हसले नव्हते. हसता हसता एकदम थांबले आणि म्हणाले, "तुझ्यासारखी बायको प्रत्येकाच्या शेजारी बसलेली नसते."

बैठक फोनवर होती, आणि मामाही घरून तीत सामील झाले. ताईने एकेक नाव वाचले. मग मामांनी घसा खाकरला. म्हातारा आता रेकॉर्डरसाठी भांडणार, असेच सगळ्यांना वाटले असणार. मलाही तसेच वाटत होते.

"रेकॉर्डर वगळलात," मामा म्हणाले. "मला आवडलेलं नाही. पण हिचं माप मला पटलंय, आणि त्या मापाने तो बाहेरच राहतो. माझं म्हणणं वाचकाबद्दल आहे. तो तुमच्या नावांत नाही." मग त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. दुरुस्ती पाठवलीत तरी ज्याला अपडेटर सापडतच नाही, त्याच्या घरी ती पोहोचणार कशी, असे त्यांनी विचारले.

मुकादम कुरकुरला. वाचक थोडेच लोक वापरतात, आणि त्याच्यासाठी थांबायचे तर ही आवृत्ती आणखी लांबणार, असे त्याचे म्हणणे. ताईने त्याला मध्येच थांबवले. "माप मी केलं आणि मीच ते ज्यांना दिसतं त्यांच्यापुरतं लावलं," ती म्हणाली. "वाचक अडवणाऱ्यांतच हवा." मुकादमाने एक लांब सुस्कारा सोडला. कमी वेळा थांबता यावे म्हणून बोलावलेली ती बैठक, पुन्हा एकदा थांबायचे ठरवून संपली. फोन ठेवल्यावर मामांनी मामींकडे चहा मागितला.

आठवडाभराने आवृत्ती बाहेर पडली. वाचक खणखणीत बोलत होता. रेकॉर्डर मात्र तसाच, थिजणारा, जगभर गेला. तक्रारी आल्या. एका गायनशिक्षिकेचा अख्खा धडा गेला, आणि तिने पत्र लिहून मामांना चांगलेच फैलावर घेतले. मामींनी ते पत्र त्यांना वाचून दाखवले तेव्हा मामांनी मान खाली घातली. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिले काम तेच केले. दोन ओळी बदलायच्या होत्या. दुरुस्ती घरोघर पोहोचली, आणि शिक्षिकेने आभार मानताना आणखी एक चूक दाखवून दिली. तिला प्रोग्रॅम लिहिता येत होता. आता रेकॉर्डरचे अर्धे काम तीच पाहते आणि मामांशी हुज्जतही घालते. मामा खुश आहेत.

मी पुन्हा ताईच्या टेबलावर आहे. आवृत्ती आली की ती आधी अडवणारे प्रोग्रॅम तपासते, तेव्हा खोलीत कोणी बोललेले तिला चालत नाही. ते झाले की खुर्ची मागे सरकवते, पाय वर घेते आणि उरलेले सगळे एकेक करून उघडते. चूक सापडली की ज्याचा तो प्रोग्रॅम, त्याला स्वतः फोन करते. अशा वेळी माझा पंखाही हळू फिरतो.

मित्रांनो, कोणासाठी थांबायचे आणि कोणाला मागून ये म्हणायचे, हे ठरवायची वेळ तुमच्यावरही येईल. ज्यांच्यासाठी थांबायला हवे, त्यांच्यासाठी जरूर थांबा, मग कोणी कितीही कुरकुरो. आणि ज्यांना मागून ये म्हणाल, त्यांना तसे समोर बसून सांगा, आणि ते येईपर्यंत दार लावून घेऊ नका.