येतो म्हणून गेलेला रायबा

मेल्यावर तरी रायबा संध्याकाळचा घरी बसेल, अशी सारजाबाईची माफक अपेक्षा होती. पण वर्षही सरलं नाही तोवर विंझर गावभर बोभाटा झाला, की रायबाचं भूत सावळारामच्या गुत्त्यात कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसतं. ऐकून सारजाबाई घाबरली नाही, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं जित्या नवऱ्याची वाट बघितली, आता मेलेल्याचीही बघायची की काय? भूतच व्हायचं होतं तर घर काय वाईट होतं? तिथं चूल होती, गोधडी होती, बायको होती.

गुत्ता तसा आधीपासूनच बदनाम. सावळारामच्या आज्याच्या काळापासून तिथं एक बिनमुंडक्याचा शिपाई यायचा म्हणत. मुंडकंच नाही तर तो पितो कुठून, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. रायबाचं मात्र कारण सगळ्यांना ठाऊक होतं. निरोप घेताना 'जातो' म्हणणं अभद्र, म्हणून रायबा रोजच्यासारखा 'येतो' म्हणाला, सावळाराम 'या' म्हणाला, आणि वाटेत रायबा रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर टेकला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, गाव म्हणालं चकवा, सारजाबाई म्हणाली दारू. काही का असेना, येतो म्हणाला होता, म्हणून येत होता. बायकोला दिलेला एक शब्द कधी ज्याने पाळला नाही, तो गुत्तेवाल्याला दिलेला शब्द मरूनही पाळत होता.

मंगळवारी दुपारी तिने पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा गुत्त्याची पायरी चढली. आत रायबाचा जुना जोडीदार कुंडलिक एकटाच बसला होता. तिला बघताच त्याने डोक्यावरची टोपी काढून ग्लासावर ठेवली.

"वैनी, तुमी हितं?" सावळाराम गल्ल्यावरून उठला.

"का? हितं मेलेल्यांनीच यायचं का? कुठं बसत्यात ते, दावा."

सावळारामने कोपरा दाखवला. बाकड्यासमोर टेबल, टेबलावर भरलेला ग्लास आणि ताटलीत खारे शेंगदाणे, वर चिरलेला कांदा. "रोज ठिवतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "न्हाई ठिवलं तर बाकडं वाजतं."

"माझं झाकून ठिवलेलं ताट सकाळी कोंबड्यांला जायचं. तवा काय वाजलं न्हाई."

ती समोरच्या स्टुलावर बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच नवराबायको एका टेबलाला बसली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. 'येतो' म्हणून जो अडकला, त्याने 'जातो' म्हणावं आणि सुटावं. मग वर जावं, नाहीतर घरी यावं. घरी आला तर बरंच, कारण संध्याकाळी भांडायलाही कुणी नसलेलं घर तिला खायला उठायचं.

"अवो," ती रिकाम्या बाकड्याला म्हणाली, "लई झालं आता. 'जातो' म्हना आन् उठा."

बाकडं गप्प. वर पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हेच ते," सारजाबाई सावळारामकडे वळून म्हणाली. "काय इचारलं की गप. बोलले आसते तर दुसराच कोन तरी हाय म्हनून म्या उठून गेले आसते."

तेवढ्यात लाईट गेली. खिडकी नसलेल्या त्या खोलीत भरदुपारी काळोख झाला आणि बाकडं करकरलं. कुंडलिक टोपी आणि ग्लास दोन्ही टाकून दाराबाहेर पळाला, आणि प्यायलेल्या माणसाच्या मानाने फारच सरळ पळाला. सारजाबाई जागची हलली नाही.

लाईट आली. ताटलीतले शेंगदाणे संपले होते. कांदा मात्र सगळाच्या सगळा वेचून ताटलीच्या कडेला लावलेला होता.

रायबाला कच्चा कांदा चालत नसे. कोशिंबिरीतलासुद्धा तो असाच वेचायचा, आणि त्यावरून घरात रोज वाजायचं. सारजाबाई त्या ढिगाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर चिरलेला कांदाच असल्यामुळे कुणाला खुलासा द्यावा लागला नाही.

"आता म्या पन घालत न्हाई कांदा," ती हळूच म्हणाली. "कशातच न्हाई. चला की घरी."

बाकडं हललं नाही. तिने बराच वेळ वाट बघितली, त्यात ती तरबेज होती. शेवटी उठली, लुगडं झटकलं.

"ऱ्हावा मग हितंच," म्हणाली आणि तरातरा दाराशी गेली. उंबऱ्यात पाय ठेवता ठेवता जन्माच्या सवयीने सावळारामला म्हणाली, "येते."

"या, वैनी," सावळारामही सवयीनेच म्हणाला.

मग दोघंही थिजली. सावळारामने जीभ चावली.

"वैनी, चुकून गेलं तोंडातनं. म्या माघारी घेतो."

सारजाबाईने मागे वळून कोपऱ्यातलं बाकडं बघितलं, मग त्याच्यासमोरचं स्टूल बघितलं. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उद्यापास्नं शेंगदान्यावर कांदा घालू नगा. आन् मला एक च्या, बिगर साखरंचा."

"वैनी, हितं च्या मिळत न्हाई."

"मिळंल," सारजाबाई म्हणाली आणि पायरी उतरली.